एका शाळेच्या बदल्यात ३०,००० एकर

बांधावर आजोबांनी लावलेली सागाची चार झाडे असतात. घरात कोणाच्या मनात ती तोडायचा विचारही येत नाही. मग एखाद्या पावसाळ्याच्या तोंडावर मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळतो, फी भरायला आठ दिवसांची मुदत असते, आणि लाकडाचा व्यापारी दारात येऊन उभा राहतो. झाडे किती घनफूट भरतील याचा अंदाज तोच बांधतो, भावही तोच सांगतो. आठवडाभरात बांध मोकळा होतो. त्या घराला झाडांची किंमत कळत नव्हती का? चांगली कळत होती. पण त्या आठ दिवसांपुरती फीची किंमत तिच्याहून मोठी झाली होती.

मराठीत या अवस्थेला नेमका शब्द आहे: नड. नडीला विकलेल्या वस्तूला खरा भाव कधी येत नाही, मग ते सोने असो, उभे पीक असो की झाड. जे एका घराचे होते, ते सबंध गावाचे झाले तर काय होईल? बांधावरच्या चार झाडांच्या जागी हजारो एकरांचे जंगल असेल आणि एका मुलीच्या फीच्या जागी गावातल्या सगळ्या मुलांची शाळा असेल तर?

प्रशांत महासागरातल्या एका गावात १९८८ साली नेमके हेच घडले. त्यातून जी वाट निघाली, तिच्यावर आज जगातल्या कितीतरी बेटांवरची गावे चालत आहेत. ‘आम्ही जंगल राखतो, तुम्ही आम्हाला शाळा बांधायला मदत करा’, असा तो व्यवहार. ऐकायला सोपा, पण तो टिकतो कसा आणि कुठे फसतो, हे समजून घेण्यासारखे आहे.

पश्चिमेच्या टोकावरचे गाव

सामोआ हा बेटांचा छोटा देश. न्यूझीलंडच्या प्रशासनातून १९६२ मध्ये तो स्वतंत्र झाला आणि १९९७ पर्यंत त्याचे नाव पश्चिम सामोआ असे होते. त्यातले सर्वांत मोठे बेट सवाई. या बेटाच्या पश्चिमेकडच्या टोकावर फालेआलुपो हे गाव आहे. मृतांचे आत्मे पाताळात उतरतात ते याच गावाजवळून, अशी तिथली जुनी समजूत. आंतरराष्ट्रीय वाररेषा तेव्हा सामोआच्या पश्चिमेला होती, त्यामुळे जगातला दिवस अगदी शेवटी मावळायचा तो या भागात. २०११ च्या डिसेंबरात सामोआने वाररेषेची बाजू बदलली. त्या वर्षी तिथल्या दिनदर्शिकेत २९ डिसेंबरनंतर थेट ३१ डिसेंबर उजाडला.

गावामागे सखल भागातले सदाहरित जंगल पसरलेले. प्रशांत महासागरातल्या बेटांवर असे सखल जंगल आता फार थोडे उरले आहे, कारण शेतीला आणि लाकूडतोडीला सोयीचे म्हणून तेच आधी जाते. या जंगलात दिवसाउजेडीही उडणारी मोठी फळखाऊ वटवाघळे आहेत. ती फुलांचे परागीभवन करतात, फळांच्या बिया दूरवर नेऊन टाकतात. थोडक्यात, जंगलाची पेरणी तीच करतात. गावातल्या वैदू स्त्रिया औषधाच्या साली आणि पाने याच जंगलातून आणतात. होडीचे लाकूड, घराचे खांब, वादळानंतरच्या टंचाईतले खाणे, सगळे तिथलेच.

असे जंगल गावाने लाकूडतोड कंपनीला विकायला काढले. का? तर शाळेसाठी.

सामोआत प्राथमिक शाळेची रीत आपल्यापेक्षा वेगळी आहे. शिक्षक आणि अभ्यासक्रम सरकार देते, पण शाळेची इमारत उभी करण्याची आणि राखण्याची जबाबदारी गावावर असते. फालेआलुपोला सरकारने कळवले की नीट पक्की शाळा बांधा, नाहीतर शिक्षक मिळणार नाहीत. गावात तारोचे कंद होते, नारळ होते, मासे होते, माडाच्या पानांची शाकारणी आणि श्रमाला हात होते. सिमेंट, सळया आणि पत्रे मात्र रोख पैशाशिवाय येत नाहीत. जवळ पोटापुरते सगळे आहे, पण एकरकमी रोकड नाही, ही स्थिती मेळघाटातल्या किंवा डांगातल्या माणसाला समजावून सांगावी लागणार नाही.

तेवढी एकरकमी रोकड देणारा एकच जण समोर होता, लाकूडतोड कंपनी. रक्कम पन्नास-साठ हजार डॉलरच्या घरात. गावाच्या प्रमुखांनी जड मनाने होकार दिला. बुलडोझर जंगलात शिरले.

वनस्पतिशास्त्रज्ञाची रदबदली

त्या काळात फालेआलुपोत पॉल अ‍ॅलन कॉक्स हा अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ राहत होता. तरुणपणी, १९७३ मध्ये, तो धर्मप्रचारक म्हणून सामोआत आला होता आणि तिथली भाषा अस्खलित बोलायला शिकला होता. पुढे हार्वर्डमधून डॉक्टरेट घेतली. आई स्तनाच्या कर्करोगाने गेली, तेव्हा या रोगावर एखादे औषध वनस्पतींत सापडेल का हे शोधायला १९८४ मध्ये तो बायकामुलांसह पुन्हा सामोआत आला. वैदू स्त्रियांजवळ बसून झाडपाल्याची माहिती टिपणे हे त्याचे काम. जंगलात यंत्रे शिरली तेव्हा त्याचे संशोधन तर बुडणार होतेच, पण ज्यांनी त्याला घरचा मानले त्यांचे जंगल डोळ्यांसमोर जात होते.

त्याने गावाच्या सभेपुढे जाऊन विचारले: शाळेचे पैसे दुसरीकडून आले तर तोड थांबवाल का?

पुढची वाट सरळ नव्हती. परकी माणसे येतात, गोड बोलतात आणि जमीन घेऊन जातात, हा प्रशांत महासागरातल्या लोकांचा दोनशे वर्षांचा अनुभव. सभेत शंका निघाल्या. शेवटी तोड थांबवायचे ठरले, तेव्हा फुइओनो सेनिओ हे प्रमुख स्वतः जंगलात धावत गेले आणि त्यांनी बुलडोझर थांबवले. कॉक्सने स्वतः पुढाकार घेऊन मित्रांकडून आणि देणगीदारांकडून शाळेची रक्कम उभी केली. १९८९ मध्ये करार झाला: सुमारे ३०,००० एकर, म्हणजे १२,००० हेक्टर जंगल गावाने ५० वर्षे राखायचे. व्यापारी लाकूडतोड बंद. औषध, होडी, घर, सणसमारंभ यांसाठी गावाला जे लागेल ते पूर्वीसारखे घेता येईल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जमिनीची मालकी गावाकडेच राहील.

गावाने कॉक्सला ‘नाफानुआ’ ही पदवी दिली. नाफानुआ ही सामोआच्या पुराणकथांमधली युद्धदेवता. १९९७ मध्ये कॉक्स आणि सेनिओ या दोघांना मिळून पर्यावरणक्षेत्रातला मानाचा गोल्डमन पुरस्कार मिळाला. पुरस्कार दोघांना मिळाला, ही गोष्ट सांगताना अनेकदा गळते. पैसे बाहेरून आले, पण जंगल बाहेरच्याने वाचवले नाही. बुलडोझरपुढे उभे राहण्याचा अधिकार फक्त गावाला होता.

याच अनुभवातून १९९१ मध्ये सीकॉलॉजी ही संस्था निघाली. बेटांवरच्या गावांना शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी, सौरदिवे असे काहीतरी द्यायचे आणि त्या बदल्यात गावाने आपले जंगल किंवा समुद्राचा तुकडा राखायचा, अशी या संस्थेची पद्धत. काय हवे ते गावाने सांगायचे.

जंगल इतके स्वस्त का जाते?

एक सोपा हिशेब करू. शाळेची रक्कम राखलेल्या क्षेत्राने भागली तर एकरी जेमतेम दोन डॉलर पडतात. पन्नास वर्षांवर पसरली तर एकरी वर्षाला चार सेंट. शतकानुशतके उभे असलेले जंगल एवढ्याशा रकमेवर अडले होते.

यामागे नडीचे गणित आहे. पहिली गोष्ट, घेणारा एकच. बाजारात दहा व्यापारी असतील तर भाव चढतो. दूरच्या बेटावर यंत्रे आणि जहाज घेऊन येणारी कंपनी एखादीच असते, म्हणून भाव तिच्या हातात. दुसरी गोष्ट काळाची आहे. जंगल जे देते ते थेंबाथेंबाने देते: आज एक साल, उद्या होडीचे लाकूड, उन्हाळ्यात झऱ्याला पाणी. शाळेची गरज मात्र एका तारखेला, एका रकमेत उभी राहते. मडक्यात थेंब थेंब साठणारे पाणी आग लागल्यावर कामाला येत नाही. तेव्हा टँकरवाला मागेल ते द्यावे लागते.

तिसरे कारण जरा खोल आहे. जंगलाच्या कामाचे बिल कधी येत नाही. घरातल्या बाईच्या कामासारखेच ते: पहाटेपासून रात्रीपर्यंत चालते, पण कुठल्या वहीत नोंदले जात नाही, म्हणून त्याला किंमत नाही असे वाटू लागते. ओंडक्याची पावती मात्र लगेच हातात पडते.

म्हणून जंगल राखणाऱ्या गावाला द्यायची रक्कम प्रचंड असावी लागते असे नाही. जंगलाची पूर्ण किंमत कोणी मोजू शकत नाही, आणि ती मोजायची गरजही नसते. नडीच्या वेळी नडीएवढे पैसे योग्य हातात पोचले की तोड टळते. सगळी गंमत ‘योग्य’ या शब्दात आहे.

रोख रक्कम न देता शाळाच का?

पैसे वाटायचेच तर घरटी का नाही वाटले? शंभर उंबऱ्यांच्या गावात रक्कम वाटली की काय होते, हे धरणग्रस्तांच्या मोबदल्याचे किस्से ऐकलेल्या कोणालाही ठाऊक आहे. वाटणीवरून भांडणे होतात. कोणाचे कर्ज फिटते, कोणाची मोटरसायकल येते. दोन वर्षांनी पैसा संपलेला असतो आणि जंगल का राखायचे हे कोणाला आठवत नाही.

शाळेची वाटणी होत नाही. एकाची मुले शिकली म्हणून दुसऱ्याचा वाटा कमी होत नाही. अर्थशास्त्रात अशा गोष्टीला सार्वजनिक वस्तू म्हणतात. गावातल्या चावडीचा पार किंवा पाणवठा जसा सगळ्यांचा, तशी शाळा सगळ्यांची. जंगलही तसेच. सगळ्यांच्या मालकीचे एक राखायचे आणि सगळ्यांच्या उपयोगाचे दुसरे मिळवायचे, यात तराजूची दोन्ही पारडी एकाच जातीची होतात.

शिवाय शाळा रोज दिसते. करार कागदावर असतो आणि कागद पेटीत. पण सकाळी पोरे दप्तरे घेऊन निघाली की ती इमारत कशाच्या बदल्यात उभी राहिली, हे गावाला आठवण न करून देताही आठवते. एखाद्याने चोरून चार झाडे पाडली तर त्याने वनखात्याची झाडे पाडलेली नसतात, शेजाऱ्याच्या मुलाच्या शाळेचा शब्द मोडलेला असतो. आपल्याकडच्या भिशीत हप्ता बुडवणाऱ्याला पोलीस विचारत नाहीत, भिशीतल्या बायाच विचारतात. इथला पहारा तसाच आहे.

सही कोणाची?

असा करार कुठेही नेऊन रोवता येत नाही. फालेआलुपोत तो रुजला, कारण खाली माती तशी होती.

सामोआतली सुमारे ८० टक्के जमीन परंपरागत मालकीची आहे. ती व्यक्तीच्या नावावर नसते, विस्तारित कुटुंबाची असते. तिथे अशा कुटुंबाला ‘आइगा’ म्हणतात. प्रत्येक आइगा आपला प्रमुख निवडते, तो ‘मताई’. गावातल्या मताईंची सभा म्हणजे ‘फोनो’. फोनोत चर्चा लांबते, कधी दिवसच्या दिवस चालते, पण निर्णय झाला की तो सगळ्या आइगांवर बंधनकारक असतो. नियम मोडणाऱ्याला दंड होतो: डुकरे, विणलेल्या उंची चटया, डबाबंद मासळीची खोकी. १९९० च्या ग्राम फोनो कायद्याने या अधिकाराला देशाच्या कायद्याचेही पाठबळ दिले.

म्हणजे जमीन ज्यांची, निर्णय ज्यांचा, दंड करण्याचा अधिकार ज्यांचा आणि मुले ज्यांची, ती माणसे एकच होती. हे चार धागे एका हातात असले की वचनाला वजन येते.

उलट स्थिती डोळ्यांसमोर आणून पाहावी. जमीन सरकारची, झाडे वनखात्याची, तोडीचा परवाना जिल्ह्याच्या गावाहून आणि गावाला फक्त राखणीचे काम. अशा गावाने ‘आम्ही जंगल राखू’ असे लिहून दिले तरी त्या लिहिण्याला अर्थ किती? जे आपले नाही ते राखण्याचे वचन म्हणजे दुसऱ्याच्या म्हशीच्या दुधाचा वायदा. शाळेच्या बदल्यात जंगल, हा व्यवहार हक्काच्या पायावरच उभा राहतो.

आणि हक्क असला तरी तो हळूच निसटू शकतो. कॉक्स आणि स्वीडिश परिसंस्थातज्ज्ञ थॉमस एल्मक्विस्ट यांनी १९९७ मध्ये एका निबंधात या धोक्याला ‘पर्यावरणीय वसाहतवाद’ असे नाव दिले. पैसे देणाऱ्या परदेशी संस्थांना हळूहळू वाटू लागते की जंगलाचे काय करायचे हे आपण ठरवावे, आणि गावाने ते मानावे. सामोआतल्या प्रमुखांनी हे मानले नाही. मदत घेतली म्हणून निर्णय विकलेला नाही, हे त्यांनी स्पष्ट केले. स्वतः मदत आणणाऱ्या माणसानेच हा इशारा लिहून ठेवला, ही फार मोलाची गोष्ट आहे.

इमारत एकदाच, वचन ५० वर्षांचे

या व्यवहारातली खरी अडचण इथे आहे. शाळा एकदाच बांधली जाते, जंगल मात्र दरवर्षी राखायचे असते. शाळा उभी राहिल्यावर देणाऱ्याच्या हातात काही उरत नाही, आणि बांधलेली शाळा परत नेता येत नाही. तीस वर्षांनी गावाला पुन्हा नड आली तर? रस्ता हवा असेल, दवाखाना हवा असेल, छप्पर गळू लागले असेल, तर?

फालेआलुपोची परीक्षा तर लगेचच झाली. १९९० च्या फेब्रुवारीत ‘ओफा’ आणि १९९१ च्या डिसेंबरात ‘व्हाल’ ही भीषण चक्रीवादळे सामोआवर आली. किनाऱ्यावरचे गाव उद्ध्वस्त झाले, चर्चच्या भिंती तेवढ्या उरल्या, जंगलातली झाडे मोडून पडली. घरे नव्याने बांधायची असताना जंगल विकण्याचा मोह किती मोठा असेल! तरीही करार टिकला. उघडे पडलेले जंगल पुन्हा वाढू लागले.

पुढे जंगलात झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवर झुलता पूल बांधला गेला. पाहुणे येतात, प्रवेशशुल्क देतात, आणि ते उत्पन्न गावाला मिळते. लग्नातला एकदाचा आहेर आणि दर महिन्याचे भाडे यांत जो फरक, तो शाळा आणि या पुलात. शाळेने तोड थांबवली. जंगल उभे राहण्यात दरसालचा फायदा आहे, हे पुलाने दाखवले.

आणि जंगलाच्या पोटात आणखी एक गोष्ट दडलेली होती. फालेआलुपोच्या वैदू स्त्रिया काविळीसारख्या आजारावर ममाला नावाच्या झाडाच्या खोडाचा काढा देत. कॉक्सने त्याचे नमुने अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडे पाठवले. त्यातल्या प्रोस्ट्रॅटिन या द्रव्याचा एचआयव्ही विषाणूवर परिणाम होतो, असे १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. हा विषाणू शरीरातल्या काही पेशींत निपचित पडून राहतो आणि नेहमीच्या औषधांना सापडत नाही. बिळात दडलेला साप धुराने बाहेर यावा, तसा प्रोस्ट्रॅटिनमुळे तो बाहेर येतो. त्यापासून बाजारात येण्याजोगे औषध अजून झालेले नाही. पण २००१ मध्ये एड्सवर संशोधन करणाऱ्या एका अमेरिकी संस्थेशी सामोआने करार केला, तो अभ्यासण्यासारखा आहे. औषध झाले तर नफ्याचा २० टक्के वाटा सामोआला: त्यातला १२.५ टक्के सरकारला, ६.७ टक्के फालेआलुपो गावाला आणि ०.८ टक्के माहिती देणाऱ्या वैदूंच्या कुटुंबांना. २००४ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रोस्ट्रॅटिनच्या जनुकांवरच्या संशोधनातून येणाऱ्या स्वामित्वशुल्काचा अर्धा वाटा देण्याचे मान्य केले.

एकरी दोन डॉलरला जाणार होते ते हे जंगल.

*चौकट: करार तपासण्याचे तीन प्रश्न*

*नाहीतर काय झाले असते?* जे जंगल कोणी तोडणारच नव्हते ते राखण्यासाठी शाळा दिली, तर शाळा चांगली, पण जंगलाला त्याचा उपयोग शून्य. फालेआलुपोत बुलडोझर आत शिरलेले होते, म्हणून उत्तर स्पष्ट होते. बहुतेक ठिकाणी ते इतके स्पष्ट नसते.

*तोड थांबली की सरकली?* एका बाजूने बांध घातला की पाणी दुसरीकडून फुटते. आपले जंगल राखून शेजारच्या गावच्या जंगलात कुऱ्हाड गेली तर हिशेब जमला नाही. याला तज्ज्ञ ‘गळती’ म्हणतात.

*पुढच्या पिढीवर बंधन कोणाचे?* सही करणारे म्हातारे होतात. कराराची मुदत, तो बदलण्याची रीत आणि दरसालचा लाभ यांवर त्याचे आयुष्य ठरते.

नड ओळखली की अर्धे काम झाले

शाळा हे या व्यवहाराचे एक रूप. मूळ सूत्र आहे नड ओळखण्याचे, आणि ती प्रत्येक गावात वेगळी असते.

इंडोनेशियात बोर्निओ बेटावर गुनुंग पालुंग राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या गावांना जंगल वाचवायला काय लागेल असे विचारले, तेव्हा लोकांनी सांगितले: परवडणारा दवाखाना आणि शेतीचे प्रशिक्षण. घरात कोणी आजारी पडले की रुग्णालयाच्या खर्चासाठी झाड तोडायचे, अशी तिथली साखळी होती. २००७ पासून तिथे एक दवाखाना चालतो. गावाने तोड कमी केली की उपचारात सवलत वाढते, आणि बिल रोपांनी, शेणखताने किंवा विणलेल्या वस्तूंनीही फेडता येते. दहा वर्षांच्या नोंदींवरून २०२० मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात इतर तशाच उद्यानांच्या तुलनेत इथली जंगलतोड सुमारे ७० टक्क्यांनी घटलेली दिसली.

थेट रोख देण्याचा प्रयोगही काटेकोरपणे तपासला गेला आहे. युगांडात १२१ गावांपैकी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने काही गावे निवडली, आणि तिथल्या खासगी जंगलमालकांना झाडे न तोडण्यासाठी हेक्टरी वर्षाला सुमारे २८ डॉलर देऊ केले. दोन वर्षांत, पैसे न मिळालेल्या गावांत वृक्षाच्छादन ९.१ टक्क्यांनी घटले, पैसे मिळालेल्या गावांत ४.२ टक्क्यांनी. रोख पैसाही काम करतो, हे यातून कळते. मात्र तिथे जंगल घरोघरच्या मालकीचे होते. जंगल सगळ्या गावाचे असेल तर मोबदलाही सगळ्या गावाचा असावा, हे सामोआचे म्हणणे त्याने खोटे ठरत नाही.

शाळा हा सौदा की हक्क?

एक प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. मुलांची शाळा ही जंगलाच्या बदल्यात मिळायची गोष्ट आहे का? शहरातल्या मुलाला शाळेसाठी काही राखावे लागत नाही. मग जंगलातल्या मुलाने का?

भारतात याचे उत्तर कायद्याने दिले आहे. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण हा मूलभूत हक्क आहे आणि २००९ च्या कायद्याने त्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यातही एक लक्षणीय तरतूद आहे. वनजमिनीवर गावासाठी ज्या तेरा सुविधा उभारता येतात, त्यांच्या यादीत पहिले नाव शाळेचे आहे. जागा एक हेक्टरच्या आत, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे पडणार नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. म्हणजे आपल्याकडे ‘जंगल राखाल तर शाळा देऊ’ असे सरकारने म्हणणे चूक आहे. शाळा देणे हे त्याचे कर्तव्य, गावाने ते विकत घ्यायचे नाही. स्वयंसेवी संस्थेने वाचनालय, वसतिगृह, प्रयोगशाळा अशी भर घालावी, ते वेगळे.

पण जंगल आणि शिक्षण यांचे नाते दुसऱ्या दिशेनेही जोडता येते. शाळेने जंगल वाचवण्याऐवजी जंगलाने शाळा चालवायची.

नेपाळमध्ये हे मोठ्या प्रमाणावर घडले आहे. १९९३ च्या वन कायद्याने जंगले गावांच्या वापरकर्ता गटांकडे सोपवली. आज असे २२,००० हून अधिक गट देशातले सुमारे एक-तृतीयांश जंगल सांभाळतात. लाकूड, चारा, वनौषधींतून येणाऱ्या उत्पन्नातला किमान चौथा हिस्सा जंगलावरच खर्च करावा लागतो. उरलेल्यातून अनेक गटांनी शाळेच्या खोल्या बांधल्या, शिक्षकांचे पगार दिले. १९९२ मध्ये नेपाळचे वनाच्छादन सुमारे २६ टक्के होते, २०१६ पर्यंत ते ४५ टक्क्यांवर गेले. गावाबाहेर कामाला गेलेली माणसे, सुटलेली शेती अशी इतर कारणेही त्यामागे आहेत, पण गावांच्या ताब्याचा वाटा मोठा आहे.

आपल्या गडचिरोलीतले मेंढा हे गोंड गाव याच वाटेवरचे. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारे ते देशातल्या पहिल्या गावांपैकी. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला आणि जंगल राखून त्यातूनच कमावण्याची वाट खुली झाली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने या गावाने बरीच वर्षे अभ्यास गट चालवले. कायदा वाचायचा, समजून घ्यायचा, आणि निर्णय मात्र सर्वसहमतीने ग्रामसभेत करायचा. हेही शिक्षणच. मेंढ्यात आधी माणसे शिकली, मग जंगलावरचा हक्क मिळाला. फालेआलुपोत आधी जंगल हाताशी होते आणि शाळा नंतर आली.

या दोन्हींमध्ये मेंढ्याची वाट अधिक पक्की वाटते, कारण तिला कोणा कॉक्सची वाट पाहावी लागत नाही. पण ती सावकाश चढणारी आहे. बुलडोझर दारात उभा असताना हक्काच्या दाव्याचा निकाल लागेपर्यंत थांबता येत नाही. तशा वेळी वेळेवर आलेली एक शाळा हजारो एकर वाचवू शकते, हे फालेआलुपोने दाखवून दिले आहे. जंगलात काम करणाऱ्या संस्थांनी, शाळांना देणग्या देणाऱ्या कंपन्यांनी आणि गडचिरोली-नंदुरबारच्या पाड्यांवर पुस्तके पोचवणाऱ्या मंडळींनी एक प्रश्न आधी विचारावा: या गावाची यंदाची नड काय आहे, आणि ती भागवायला गाव काय विकायला निघाले आहे?

फालेआलुपोच्या कराराची मुदत २०३९ मध्ये संपते. १९८९ मध्ये जी मुले सहा वर्षांची होती, ती तेव्हा छप्पन्न वर्षांची असतील. सामोआत मताई म्हणून फोनोत बसण्याचे ते वय आहे. जंगलाचे पुढे काय करायचे, हे त्या शाळेत शिकलेली माणसे ठरवतील.